चार पर्याय, दहा दाणे: 'फ्रीराइस' या शब्दखेळाचा प्रकरण अभ्यास

७ ऑक्टोबर २००७ रोजी 'फ्रीराइस' नावाचा खेळ इंटरनेटवर आला. पडद्यावर एक इंग्रजी शब्द, त्याखाली चार छोटे अर्थ. बरोबर अर्थावर क्लिक केलं की तांदळाचे दहा दाणे जमा. शेजारी लाकडी वाटीचं चित्र असे आणि तिच्यात दाणे साठताना दिसत. पहिल्या दिवशी एकूण ८३० दाणे जमले, म्हणजे ८३ बरोबर उत्तरं. वजन केलं असतं तर वीस ग्रॅमही भरले नसते. महिन्याभरात हाच आकडा एक अब्जावर गेला.

खेळ बनवला तो जॉन ब्रीन या संगणक प्रोग्रॅमरनं. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनचा हा गृहस्थ. त्याचा मुलगा कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेची तयारी करत होता आणि त्याला शब्दसंग्रह वाढवायचा होता. ब्रीनचं दुसरं वेड जुनं होतं: भुकेल्यांना अन्न. १९९९ मध्ये त्यानं 'द हंगर साइट' सुरू केली होती. तिथं एक बटण दाबलं की जाहिरातदारांच्या पैशातून अन्नदान होई. फ्रीराइसमध्ये त्यानं ही दोन टोकं एकत्र बांधली. मुलानं शब्द शिकायचे, पानावर दिसणाऱ्या जाहिरातींचे पैसे संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला जायचे आणि त्यातून तांदूळ विकत घ्यायचा.

शब्द आणि अर्थ यांच्या जोड्या लावून इंग्रजी शिकवण्याचे प्रकार आपल्याकडे ढिगानं आहेत. शाळेच्या वहीत आहेत, स्पर्धा परीक्षेच्या गाइडात आहेत आणि आता मोबाईलवरच्या ॲप्समध्येही आहेत. तरी अभ्यासाला मी हाच खेळ घेतला, कारण याचे नियम उघडे आहेत, बक्षीस मोजता येतं आणि त्यात शिकवण्याचं दुसरं कुठलंच साधन नाही. व्याकरण नाही, उतारा नाही, शिक्षक नाही. शब्द, चार अर्थ, पुढचा शब्द. जोड्या लावण्याची पद्धत एकटी किती अंतर चालू शकते हे पाहायला यापेक्षा स्वच्छ उदाहरण माझ्या माहितीत नाही.

जिना कसा चढतो, कसा उतरतो

सुरुवातीच्या वर्षांतल्या या खेळात इंग्रजी शब्दांच्या पातळ्या होत्या, पुढे त्या ६० झाल्या. आधी खेळ तुम्हाला सोपे-अवघड मिसळून काही शब्द देई आणि अंदाजानं एका पायरीवर उभं करी. पुढचा नियम एका ओळीचा होता: सलग तीन बरोबर आले की एक पायरी वर, एक चुकला की एक पायरी खाली. खेळाडूला त्याच्या शब्दसंग्रहाच्या अगदी सीमेवर ठेवायचं, कारण शिकणं तिथंच होतं, असं याचं कारण खेळाच्या माहितीत दिलं होतं.

हा नियम ब्रीननं कुठून घेतला ते माहीत असायची गरज नाही. तो स्वतंत्रपणे तपासता येतो. श्रवणशक्ती मोजणाऱ्या संशोधकांकडे ही पद्धत आधीपासून होती. ऐकू येतं का असं विचारत आवाज कमी-जास्त करायचा. सलग तीनदा बरोबर सांगितलं की आवाज कमी, एकदा चुकलं की जास्त. एच. लेविट यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं की या नियमानं माणूस शेवटी साधारण ७९.४ टक्के बरोबर उत्तरांच्या पातळीवर स्थिरावतो. गणित अवघड नाही. वर जाण्याची आणि खाली येण्याची शक्यता जिथं सारखी होते, तिथं सलग तिन्ही बरोबर येण्याची शक्यता निम्मी असते, आणि ज्या संख्येचा घन अर्धा येतो ती संख्या ०.७९४.

म्हणजे फ्रीराइस नेटानं खेळणारा माणूस, मग तो नववीतला असो की प्राध्यापक, पाचांतले साधारण चार शब्द बरोबर आणि एक चूक अशा जागी येऊन थांबतो. वर्गात साठ मुलांना एकच प्रश्नपत्रिका देणाऱ्या कुणालाही हे जमत नाही. हुशार मुलाला ती पोरखेळ वाटते आणि मागे पडलेल्याला भिंत. इथं प्रत्येकाला आपापली भिंत मिळते, आणि तीही जेमतेम एका पावलावर.

आता याच आकड्याची दुसरी बाजू. पर्याय चार आहेत, त्यामुळे डोळे मिटून क्लिक केलं तरी चारांत एक बरोबर येणारच. ७९.४ टक्क्यांतून हे नशीब वजा केलं तर खरोखर माहीत असलेले शब्द सुमारे ७२ ते ७३ टक्के उरतात. शंभर शब्दांमागे सातएक शब्द निव्वळ कृपेनं पदरात पडतात, आणि खेळ त्यांनाही 'बरोबर' म्हणतो, दहा दाणे देतो. प्रत्यक्षात कृपेचा वाटा याहून जास्त असणार, कारण कुणी डोळे मिटून खेळत नाही. चार पर्यायांपैकी दोन 'हे तर नाहीच' म्हणून बाजूला काढता आले की नशिबाची शक्यता चारांत एकावरून दोनांत एक अशी वाढते. शब्दाचा नुसता चेहरा लॅटिन वळणाचा वाटला, शेवट '-लस' किंवा '-अस' असा आला, तरी हे विशेषण असावं एवढं कळतं आणि पर्यायांतली नामं गळून पडतात. परीक्षा देऊन देऊन तरबेज झालेल्या आपल्या मुलांना ही विद्या शिकवावी लागत नाही.

खेळाच्या बाजूनं एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. उत्तर दिल्याबरोबर, बरोबर असो की चूक, शब्द आणि त्याचा खरा अर्थ शेजारी-शेजारी दिसतो. हे वाटतं त्याहून महत्त्वाचं आहे. बहुपर्यायी प्रश्नांत मुलं चुकीचा पर्यायही शिकून जातात, हे हेन्री रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांनी २००५ मध्ये दाखवलं. निवडलेलं चूक उत्तर नंतर खरं म्हणून आठवतं. लगेच योग्य उत्तर दाखवलं तर हा तोटा बराच कमी होतो आणि फायदा वाढतो, हे अँड्र्यू बटलर आणि रोडिगर यांच्या २००८ च्या कामात आलं. आपल्याकडे सराव चाचणीचे पेपर तपासून हातात पडेपर्यंत आठवडा जातो. तोवर चुकीची जोडी डोक्यात पक्की होऊन बसलेली असते.

दाण्यांचा हिशेब

तांदळाचा एक दाणा धरू साधारण २० मिलिग्रॅम. दहा दाणे म्हणजे एक पंचमांश ग्रॅम. अब्ज दाण्यांत पन्नास हजार माणसांचं एका दिवसाचं भागतं असं जागतिक अन्न कार्यक्रमानं सांगितलं होतं, म्हणजे माणशी दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम. तेवढ्यासाठी दोन हजार बरोबर उत्तरं लागतात. पाचांत एक चुकणार हे धरलं तर अडीच हजार प्रश्न. प्रश्नाला दहा सेकंद लावले तर सात तास. एका माणसाच्या एका दिवसाच्या भातासाठी दुसऱ्यानं सात तास शब्द ओळखायचे. यावर हसायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. पहिल्या खेपेचा तांदूळ मात्र खराच होता: बांगलादेशात आश्रयाला आलेल्या म्यानमारच्या २७,००० निर्वासितांना तो दोन आठवडे पुरला.

२००७ च्या नोव्हेंबरअखेरीस दर उत्तरामागचे दाणे दहाचे वीस झाले, पुढे पुन्हा दहावर आले. मार्च २००९ मध्ये ब्रीननं हा सगळा पसारा जागतिक अन्न कार्यक्रमाला देऊन टाकला. तोवर त्यात भूगोल, रसायनशास्त्र, चित्रकला असे इतर विषयही आले होते.

शिक्षणाच्या दृष्टीनं बक्षिसातली एक गोम पाहण्यासारखी आहे. पाचव्या पातळीवरचा शब्द ओळखा की पंचेचाळिसाव्या, दाणे दहाच. ज्याला जास्त तांदूळ द्यायचा आहे त्याच्या दृष्टीनं शहाणपण कशात? मुद्दाम एखादा चुकवून सोप्या पायरीवर राहण्यात आणि भराभर क्लिक करत सुटण्यात. जिना माणसाला त्याच्या सीमेकडे ढकलतो आणि बक्षीस त्याला मागे ओढतं. बहुतेक लोक असं करत नसत, कारण वरची पातळी गाठण्याची ईर्ष्या दाण्यांपेक्षा मोठी असते. पण एक परिणाम टळत नाही: घाई. चुकलेल्या शब्दाचा खरा अर्थ समोर येतो तेव्हा बोट पुढच्या शब्दाकडे निघालेलं असतं. जे क्षण शिकण्याचे, तेच सगळ्यांत स्वस्त होतात.

ओळखता येणं आणि आठवता येणं

शब्द 'येतो' असं आपण सरसकट म्हणतो. हैफा विद्यापीठाच्या बाटिया लाउफर आणि त्यांच्या सहकारी झाहावा गोल्डस्टाइन यांनी २००४ मध्ये याचे चार थर वेगळे केले. अर्थ सांगितला तर शब्द स्वतःहून आठवणं, हा सगळ्यांत पक्का थर. शब्द सांगितला तर अर्थ आपल्या शब्दांत सांगता येणं, हा दुसरा. अर्थ दिला तर चार शब्दांतून योग्य तो निवडता येणं, तिसरा. आणि शब्द दिला तर चार अर्थांतून योग्य तो निवडता येणं, हा चौथा, म्हणजे सगळ्यांत पातळ.

फ्रीराइस साठ पायऱ्यांचा जिना चढवतो, पण तो अख्खा जिना या चौथ्या थरातच उभा आहे. पंचेचाळिसाव्या पातळीवर पोचलेल्या माणसाला इंग्रजीत रजेचा अर्ज लिहायला बसवा; त्या पातळीवरचा एक शब्द अर्जात उतरणार नाही. उतरला तर साहेब अर्ज परत पाठवतील ते वेगळं.

यावर 'मग हा वेळ वाया' असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. वाचायला चौथा थर पुरतो. वाचताना शब्द समोर असतो, तो कुठून आठवून काढायचा नसतो. अर्थाची पुसटशी ओळख असली तरी वाक्य ती ओळख पक्की करून देतं. न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमधल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाचे पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं, म्हणजे पानावरचे ९८ टक्के शब्द ओळखीचे असायचे, तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. एक शब्दकूळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं. मराठी माध्यमातून आलेल्या, अकरावीत पहिल्यांदा जाडजूड इंग्रजी पुस्तक हातात घेतलेल्या मुलाला या संख्येचा अर्थ सांगायला नको. त्याच्यासाठी ओळखीच्या शब्दांचा साठा भराभर वाढवणारं कुठलंही यंत्र कामाचंच. फक्त त्या साठ्यात काय येतं ते पाहायला हवं. जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर येणारे शब्द पुस्तकात वर्षाकाठी एकदा भेटतील असे असतात. तिथं घाम गाळण्यापेक्षा मधल्या पायऱ्या दोनदा चढाव्यात.

अर्थ कुणी लिहिला?

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथं आहे, आणि पद्धतीवर चर्चा करणारे याकडे सहसा वळत नाहीत. जोडीचे दोन भाग असतात. शब्द भाषेनं दिलेला असतो. अर्थ कुणीतरी लिहिलेला असतो. फ्रीराइसवर हा अर्थ एक-दोन शब्दांचा असे, कारण चार पर्याय झटकन वाचून व्हायला हवेत. एवढ्याशा जागेत अर्थ बसवायचा तर जवळचा समानार्थी शब्द द्यावा लागतो. आणि जवळचा म्हणजे तोच नव्हे.

जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया यांनी १९८७ मध्ये एका लेखात या फरकाचे मजेशीर पुरावे दिले. शाळकरी मुलांना अनोळखी शब्द द्यायचे, शब्दकोशातला अर्थ पाहायला सांगायचं आणि मग त्या शब्दाचं वाक्य करायला लावायचं. 'इरोड' म्हणजे झिजवणं. कोशात त्यापुढे 'ईट आउट' असंही दिलेलं. झीज वस्तूला आतून खाऊन टाकते, त्या अर्थानं. मुलानं लिहिलं की आमचं कुटुंब खूप इरोड करतं. म्हणजे आम्ही नेहमी हॉटेलात जेवतो. 'स्टिम्युलेट' म्हणजे चालना देणं. त्यापुढे 'स्टर अप', शब्दशः ढवळणं, असं होतं, तर मिसेस मॉरो यांनी सूप स्टिम्युलेट केलं. 'मेटिक्युलस'पुढे 'व्हेरी केअरफुल' होतं, तर मी कड्यावरून पडण्याबाबत फार मेटिक्युलस होतो.

यातलं एकही मूल मंद नाही. उलट प्रत्येकानं अगदी तर्कशुद्ध काम केलंय: अर्थातला ओळखीचा तुकडा उचलला, त्या तुकड्याचं वाक्य केलं आणि त्याच्या जागी नवा शब्द बसवला. आणि गंमत अशी की हीच मुलं फ्रीराइसवर बसली असती तर तिन्ही शब्द बरोबर आले असते. 'मेटिक्युलस'पुढे चार पर्याय, त्यातला एक 'व्हेरी केअरफुल'. क्लिक, दहा दाणे, पुढे. चूक पकडायची सोयच त्या खेळात नाही, कारण चूक वाक्यात दिसते आणि खेळ वाक्यापर्यंत जातच नाही.

छोट्या जागेत अर्थ कसा लिहायचा या प्रश्नावर शंभरएक वर्षं काम झालं आहे आणि त्यातलं एक महत्त्वाचं काम आपल्याच उपखंडात उगवलं. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी अविभाजित बंगालमध्ये, ढाक्यात काम करत होते. बंगाली मुलांना इंग्रजी बोलण्याआधी वाचता यायला हवं असं त्यांचं म्हणणं होतं. १९३५ मध्ये त्यांनी जेम्स एंडिकॉट यांच्यासह जो शब्दकोश काढला, त्यात सुमारे चोवीस हजार नोंदींचे अर्थ फक्त १,४९० शब्द वापरून लिहिले होते. नियम असा की अर्थातला शब्द मूळ शब्दाहून अवघड असता कामा नये. आज हे सांगण्यासारखंही वाटत नाही, पण आपल्या कितीतरी गाइडांत अवघड शब्दापुढे तितकाच अवघड शब्द बसलेला असतो आणि मूल दोन्ही पाठ करतं.

दुसरं वळण १९८७ मध्ये आलं. बर्मिंगहॅममध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या गटानं 'कोबिल्ड' कोश काढला आणि अर्थ पूर्ण वाक्यात लिहायला सुरुवात केली. त्या धर्तीवर मी 'मेटिक्युलस'चा अर्थ मुलांना असा देईन: 'एखादा माणूस मेटिक्युलस आहे म्हटलं की तो हातातलं काम करताना बारीकसारीक गोष्टसुद्धा सुटू देत नाही.' आता कड्यावरून पडण्याला जागाच उरत नाही, कारण वाक्यात 'काम' येऊन बसलं आहे. असा अर्थ चार पर्यायांत टाकला तर खेळ मंदावेल, खरं आहे. दाणे कमी पडतील. शिकणं वाढेल.

ज्या परीक्षेसाठी खेळ निघाला तिचं काय झालं

यात एक विचित्र गोष्ट आहे. ब्रीनचा मुलगा ज्या एसएटीची तयारी करत होता, तिच्यातून विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न १९९४ मध्येच गेले होते आणि शब्दांच्या नात्यांची कोडी २००५ मध्ये. २००७ साली शब्दांची थेट परीक्षा उरली होती ती वाक्यातल्या रिकाम्या जागा भरण्यापुरती. म्हणजे सुटा शब्द आणि सुटा अर्थ या खेळातल्या जोडीला त्या परीक्षेत सरळ जागाच नव्हती. २०१६ मध्ये एसएटीनं रिकाम्या जागांचा प्रकारही काढला आणि दुर्मीळ शब्दांची घोकंपट्टी जवळपास निरुपयोगी करून टाकली.

अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या जीआरई परीक्षेचं वेगळं होतं. अमेरिकेत एमएस करायला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंगच्या मुलांपुढे ऑगस्ट २०११ पर्यंत विरुद्धार्थी शब्द जसेच्या तसे येत. हॉस्टेलच्या भिंतीवर साडेतीन हजार शब्दांच्या याद्या चिकटवलेल्या असत आणि मेसमध्ये जेवताना एकमेकांना शब्द विचारले जात. फ्रीराइसचा साचा खरं तर ब्लूमिंग्टनच्या त्या मुलापेक्षा या मुलांना जास्त शोभणारा होता. मग जीआरईनंही विरुद्धार्थी शब्द टाकून दिले आणि वाक्यातला शब्द विचारायला सुरुवात केली.

आपल्या देशातल्या परीक्षा मात्र अजून जुन्याच वाटेवर आहेत. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षांमध्ये समानार्थी, विरुद्धार्थी आणि 'वन वर्ड सब्स्टिट्यूशन' ठाण मांडून आहेत. यातला शेवटचा प्रकार चौथ्या थराचा नाही, तिसऱ्या थराचा आहे: व्याख्या दिलेली, शब्द निवडायचा. या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलानं फ्रीराइससारखा खेळ खेळला तर त्याला दिशा उलटी करून सराव करावा लागेल. अर्थावर हात ठेवून शब्दाकडे पाहायचं, शब्दावर हात ठेवून अर्थाकडे नव्हे. दिशा बदलली की तेच शब्द अचानक अवघड होतात. एकदा करून पाहिलं की थरांचा सिद्धांत वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

सहा शब्द, तीन अर्थ

जोड्या लावण्याचा प्रकार मुळातच कच्चा आहे का? नाही. फरक मांडणीत आहे, आणि त्यासाठी नेशन यांच्याकडेच परत जावं लागतं. त्यांनी १९८३ मध्ये शब्दसंग्रह मोजायची एक चाचणी प्रसिद्ध केली. ती जोड्यांचीच आहे. प्रत्येक गटात डावीकडे सहा शब्द, उजवीकडे फक्त तीन अर्थ. तीन शब्द शेवटी तसेच उरतात. अर्थ शब्दांपेक्षा सोप्या इंग्रजीत लिहिलेले. एका गटातले सहाही शब्द एकाच जातीचे, सगळी नामं किंवा सगळी क्रियापदं, म्हणजे व्याकरणाच्या आधारानं कुणी गळत नाही. आणि सहांचे अर्थ एकमेकांपासून लांबचे, म्हणजे ज्याला शब्द अर्धवट माहीत आहे त्यालाही त्या अर्ध्या ओळखीचं फळ मिळावं. शब्द दोन हजार, तीन हजार, पाच हजार, विद्यापीठीय आणि दहा हजार अशा टप्प्यांत विभागलेले. २००१ मध्ये नॉर्बर्ट श्मिट आणि सहकाऱ्यांनी ती सुधारून प्रत्येक टप्प्यावरचे अर्थ अठराचे तीस केले.

आपली 'जोड्या लावा' शेजारी ठेवून पाहा. 'अ' गटात चार, 'ब' गटात चार. तीन येत असले की चौथी जोडी आपोआप. दोन येत असले तर उरलेल्या दोन्ही बरोबर येण्याची शक्यता निम्मी. आणि कुणी काहीही न वाचता रेघा मारल्या तरी सरासरीनं एक जोडी बरोबर येतेच. गट चारांचा असो की दहांचा, हा आकडा बदलत नाही, हे संभाव्यतेच्या पुस्तकातलं जुनं गणित आहे. सहा-तीनच्या मांडणीत हीच सरासरी अर्ध्या जोडीवर उतरते. कागद तेवढाच आणि श्रम तेवढेच. उजवीकडे शब्दांच्या निम्मे अर्थ ठेवले एवढंच, तरी पेपर तपासणाऱ्याला पूर्वीपेक्षा खरं उत्तर मिळतं.

ही चाचणी मोजण्यासाठी आहे, शिकवण्यासाठी नाही, असा आक्षेप घेता येईल. घ्यावाही. पण फ्रीराइसनं नेमकं हेच सिद्ध केलंय की मोजणं आणि शिकवणं एकाच क्लिकमध्ये घडू शकतं, उत्तर लगेच दाखवलं तर. दोघांचं जे चांगलं तेवढं घ्यायला हरकत कसली?

मराठी माध्यमाच्या वर्गात

एका तासाला सहा शब्द पुरे. ते धड्यातलेच घ्यावेत, म्हणजे त्यांचं मूळ वाक्य मुलांच्या पुस्तकात असतंच. तीन शब्दांचे अर्थ शिक्षकानं स्वतः लिहावेत, कोशातून उतरवू नयेत. पूर्ण वाक्यात, आणि मुलांना आधीच येणाऱ्या इंग्रजीत. वर्गाचं इंग्रजी तेवढं नसेल तर मराठीत लिहावेत, त्यात कमीपणा काही नाही. मुलांनी जोड्या लावल्या की उत्तरं तिथल्या तिथं फळ्यावर. उरलेल्या तीन शब्दांचे अर्थ मुलांनी धड्यातल्या वाक्यावरून सांगायचे. निम्मे चुकतील आणि तीच चर्चा तासाला पुरेल.

दोन दिवसांनी तेच शब्द उलट्या दिशेनं: अर्थ आधी, शब्द मागून. त्यानंतरच्या आठवड्यात शब्द पूर्ण झाकायचे आणि वाक्यात फक्त पहिली दोन अक्षरं द्यायची. लाउफर आणि नेशन यांनी १९९९ मध्ये याच पद्धतीची चाचणी तयार केली होती: वाक्य दिलेलं, शब्दाची सुरुवात दिलेली, उरलेला शब्द मुलानं पुरा करायचा. चौथ्या थरातून पहिल्याकडे जायचा हा रस्ता आहे आणि त्याला संगणक लागत नाही.

शेवटी प्रत्येक मुलानं सहांपैकी एकाच शब्दाचं वाक्य करायचं, निवड त्याची. मिसेस मॉरोच्या सुपासारखी वाक्यं येणारच. ती लाल पेनानं खोडू नयेत. नाव न घेता फळ्यावर लिहावीत आणि वर्गाला विचारावं की हे वाक्य वाचून इंग्रज माणूस का हसेल. बरीच मुलं अर्थातल्या कुठल्या तुकड्यानं फसवलं ते स्वतःच शोधून काढतात. तो तुकडा सापडला की शिक्षकानं आपल्या वहीतला अर्थ दुरुस्त करायचा, कारण चूक बहुतेक वेळा तिथलीच असते, आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाला तो सुधारलेला अर्थ द्यायचा.